करजगी सर आणि निळी गाणी

आमचे शेजारी करजगी सर लोकांच्या दारावर थाप मारून त्यांच्या घरात चोरीचा माल असल्याचं सांगत असत.

दार उघडणारा माणूस घाबरायचा. पोलीस, पंचनामा, नोकरीवर गदा असं सगळं एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढून जायचं. सर उंबऱ्याबाहेरच उभे राहायचे आणि आतल्या रेडिओकडे बोट करायचे.

"तो बघा. राजरोस चाललाय की! चोरीचा माल!"

रेडिओवर गिटार झणझणवणारं एखादं सिनेमाचं गाणं लागलेलं असायचं. सरांचा आरोप असा, की ही चाल मुंबईच्या संगीतकारानं विलायतेतल्या केस वाढवलेल्या पोरांची उचलली. त्या पोरांनी ती अमेरिकेतल्या एका गोऱ्या गवयाची उचलली होती. आणि त्या गोऱ्यानं ती मिसिसिपी नदीकाठी कापसाच्या रानात राबणाऱ्या कुणा काळ्या माणसाची उचलली होती.

"तीन हात फिरलाय माल! पहिल्या हाताला काय मिळालं? काय मिळालं सांगा की!"

घरातला माणूस काय सांगणार? तो भाजी निवडत असायचा, नाहीतर दाढी करत असायचा. सर उत्तराची वाट न पाहता निघून जायचे आणि तो माणूस रेडिओ बंद करावा की राहू द्यावा, या विचारात उभा.

मी हिशेबतपासनीस. मंद्रूपपासून नातेपुत्यापर्यंत ग्रामपंचायतींची दप्तरं तपासण्यात माझी नोकरी चालली होती. अपहार हा शब्द मी पुराव्याशिवाय कधी लिहिला नाही. त्यामुळे सर पहिल्यांदा आमच्या दारात आले आणि माझ्या घरातल्या रेडिओवर चोरीचा आळ घेऊ लागले, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"सर, पुरावा काय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस त्यांना भेटला होता. माझं मनगट धरून त्यांनी मला शेजारी त्यांच्या घरात नेलं, खुर्चीत बसवलं आणि ग्रामोफोनला चावी द्यायला सुरुवात केली.

हा ग्रामोफोन आणि पेटीभर तबकड्या त्यांना रेल्वेतल्या एका गार्डसाहेबांकडून मिळाल्या होत्या. गार्डसाहेब सहकुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाले. एवढं ओझं बोटीनं नेणं जमेना. त्यांनी ते सरांना दिलं आणि बदल्यात दोन चादरी नेल्या. गार्डसाहेबांना त्या तबकड्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्याला उतरलेल्या अमेरिकन सैनिकांकडून मिळाल्या होत्या. वाटेत कुठेतरी पेटीला वाळवी लागली. तबकड्या शाबूत राहिल्या, पण त्यांच्यावरचे गोल कागद वाळवीनं खाल्ले. त्यामुळे गाणारा कोण, हे बऱ्याच तबकड्यांवर कळत नसे.

"अर्धी नावं कंपन्यांनी खाल्ली, अर्धी वाळवीनं," सर म्हणायचे.

त्या दिवशी त्यांनी सुई टेकवली आणि भजी तळावीत तसा चर्रर्र आवाज सुरू झाला. त्या आवाजाच्या आत एक माणूस कण्हत होता. मागे कुणीतरी तारेवर काच घासत होतं.

"बाटलीचा गळा तोडून बोटात घातलाय त्यानं. गिटारीवर घासतोय," सर हळू आवाजात म्हणाले.

"बाटली कसली?"

"कसली असणार?"

मी सुपारीसुद्धा खात नाही. मला हे आवडलं नाही. पण पुरावा मागितला होता, तेव्हा तो पुरता तपासणं भाग होतं. मी बोटांवर मात्रा मोजायला लागलो. एक ओळ तो दोनदा म्हणायचा आणि मग तिसरी, उत्तर दिल्यासारखी. असा एक फेरा. मी फेरे मोजले, आणि प्रत्येक फेऱ्याची बेरीज वेगळी येऊ लागली.

"सर, ह्याचा हिशेब जुळत नाही. दर खेपेला मात्रा कमीजास्त होतात."

"एकटा गातोय, एकटा वाजवतोय. त्याला कुणाशी जुळवायचंय?"

हे उत्तर मला पटलं नाही. एकट्या माणसालाही हिशेब लागतो. पण सरांच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून मी वाद वाढवला नाही. त्याआधीच्या वर्षी करजगी काकू वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. सर त्यांचा उल्लेख 'आमच्या घरात' असा करत. आमच्या घरात हे चालत नसे, आमच्या घरात ते आवडत असे. त्या गेल्यावरही तो शब्द तसाच राहिला.

सर मूळ अक्कलकोटकडचे. रागावले की आधी 'अय्यो शिवा!' म्हणत आणि मग मराठीत येत. हायस्कुलात ते भूगोल शिकवायचे, आणि त्यांच्या सगळ्या संतापाचं मूळ त्या भूगोलात होतं.

"पंचवीसेक वर्षं मी पोरांना शिकवलं," ते सांगत. "अमेरिकेचा कापूस पट्टा. जमीन कसली? हवामान कसलं? पीक कसलं? तोंडपाठ. आपल्यासारखाच कापूस, अन् उन्हात राबणारी माणसं आपल्यासारखीच. ती माणसं गातात, हे पुस्तकात कुठंच न्हवतं की! तिथं काय पिकतं ते सांगितलं, काय गातात ते एकानं सांगितलं न्हाई. अन् मी मास्तर!"

फसवणूक झाल्याचा राग होता तो. सरकारी पाठ्यपुस्तकानं आपल्याला अर्धाच नकाशा दिला, अशी त्यांची तक्रार होती.

रॉक हे नाव तर त्यांना मुळीच सहन होत नसे. कॉलेजातली बेलबॉटम घातलेली पोरं ट्रान्झिस्टर खांद्याला लावून रॉक, रॉक करत जायची. सर त्यांना भर रस्त्यात थांबवायचे.

"रॉक म्हणजे काय रे?"

"रॉक म्हणजे... रॉक, सर."

"खडक! खडक झिजून काळी माती होते, हे मी तुला आठवीत शिकवलं की न्हाई? गाण्यात उलटं झालंय. काळ्या मातीचा खडक केलाय लोकांनी. अन् वर बसलेत. उतरा म्हणावं!"

पोरं 'हो सर' म्हणून सायकली पिटाळायची.

एकदा त्यांनी नवी पेठेत लग्नाची वरात अडवली. बँडवाले त्या साली गाजलेलं सिनेमाचं गाणं वाजवत होते. सर सरळ बँडमास्तरसमोर जाऊन उभे राहिले. बँडमास्तरनं तोंडातला पिपाणा काढला.

"ही चाल कुठनं आणली?"

"पिक्चरमधनं, सर."

"पिक्चरवाल्यानं कुठनं आणली?"

"ते मला काय ठाऊक? बाजूला व्हा की सर, नवरदेव घोड्यावर खोळंबलाय. घोडं भाड्याचं हाय."

"वाजवा, पण आधी सांगून वाजवा! मूळ मालक नदीकाठचा एक मजूर, नाव ठाऊक न्हाई, एवढं म्हणा आणि मग वाजवा!"

नवरदेवाचा मामा पुढे आला आणि त्यानं सरांना दंडाला धरून बाजूला केलं. मी दुसऱ्या फुटपाथवर होतो. मला लाज वाटली, हे खरं. एक सुशिक्षित मनुष्य परक्याच्या कार्यात असं वागतो, याचा मला राग आला. घरी परतताना मी सरांना तसं स्पष्ट सुनावलं.

ते शांतपणे म्हणाले, "तुमी सोलापूरचे ना? परगावी कुणी हलक्या सुताची चादर विणली अन् त्यावर सोलापुरी चादर असा छाप मारला, तर तुमी काय करता?"

"तक्रार करू. फसवणूक आहे ती."

"मग इथं उलटं बघा. चादर त्यांचीच, सूत त्यांचं, वीण त्यांची. छाप तेवढा दुसऱ्याचा. छाप बघा साहेब, छाप!"

आमच्या गावात चादरीचा दाखला दिल्यावर वाद संपतो. त्या रात्री जेवताना मी आमच्या सौ.ना म्हणालो, की माणूस चक्रम आहे, पण मुद्दा बिनतोड आहे. त्या म्हणाल्या, "करजगी काकूही हेच म्हणायच्या. फक्त चक्रम दोनदा म्हणायच्या."

सरांची एकच इच्छा होती. सोलापुरातल्या चार माणसांनी एक संध्याकाळ खुर्चीवर बसून ही गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावीत. मध्येच उठू नये, हसू नये. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांना नकार मिळाला होता. वाचनालयानं 'विषय स्थानिक नाही' असं कळवलं. एका संगीतप्रेमी डॉक्टरांनी घरी बोलावलं आणि पहिल्या तबकडीनंतर चहा आणून विषय बदलला.

चौऱ्याहत्तर सालच्या गणेशोत्सवाच्या आधी सरांनी आमच्या वसाहतीकडे एक संध्याकाळ मागितली. आमची बारा घरांची वसाहत. मी चिटणीस होतो आणि अध्यक्ष होते आबासाहेब, निवृत्त वकील. बैठकीत आबासाहेबांनी विचारलं, "कार्यक्रमाचं नाव काय?"

"ब्लूज," सर म्हणाले.

आबासाहेब खुर्चीत ताठ झाले. "ब्लू?"

"ब्लूज. म्हणजे निळी गाणी."

"ब्लू म्हणजे काय, ते मला माहीत आहे करजगी. पुण्याला माझा भाचा वसतिगृहात असतो."

"काय माहीत आहे?"

"ते इथे बायकामाणसांसमोर बोलण्यासारखं नाही. गणपतीसमोर निळी गाणी! जनाची नाही, निदान मनाची तरी!"

"अय्यो शिवा!" सर उभे राहिले. "निळं म्हणजे उदास हो! त्यांच्या भाषेत मन निळं होतं. आपल्यात जीव काळवंडतो की न्हाई? तसं!"

पण उदास म्हटल्यावर दुसरीच आघाडी उघडली. मंगलप्रसंगी उदास गाणी कशाला, असं दोघातिघांनी विचारलं. एकानं विचारलं, की गाणारे ख्रिस्ती आहेत का. एकानं विचारलं, की दारू पिऊन गातात हे खरं का. या शेवटच्या प्रश्नाची माहिती माझ्यामुळेच पसरली असावी, कारण बाटलीचं मी घरी बोललो होतो.

आता माझा संयम सुटला. मला गाण्यातलं कळत नाही, पण विसंगती कळते. मी म्हणालो, "आबासाहेब, गेल्या वर्षी ऑर्केस्ट्रात एका बाईनं कॅबेरेचं गाणं म्हटलं. गणपतीसमोरच. तुम्ही वन्समोअर दिलात. इतिवृत्तात 'कार्यक्रम बहारदार झाला' असं वाक्य आहे आणि खाली तुमची सही आहे. तेव्हा जनाचं आणि मनाचं काय झालं होतं?"

मी इतिवृत्ताची वही पुढे सरकवली.

"शिवाय आपल्याच नियमात लिहिलंय, की कोणत्याही रहिवाशाला एक संध्याकाळ मागता येईल. 'निळी गाणी वगळून' असं त्यात नाही."

आबासाहेबांना परवानगी द्यावी लागली. पण सही करताना ते म्हणाले, "संध्याकाळ तुमची, चिटणीस. माणसं तुम्हीच आणा."

त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. घरोघर निरोप गेला होता. आमचं आणि सरांचं सोडून बाकी दहा घरांनी त्या संध्याकाळी बाहेर जायचं, नाहीतर दारं लावून बसायचं ठरवलं होतं. जी माणसं एरवी नळाच्या रांगेवरून एकमेकांची तोंडं पाहत नसत, त्यांची या बाबतीत आश्चर्यकारक एकजूट झाली. मी इतका चिडलो की जेवण गेलं नाही. गाणी आवडू नयेत, माझी तक्रार नव्हती. न ऐकता नावडणं म्हणजे दप्तर न उघडता शेरा मारण्यासारखं होतं.

मी स्वतः खडू घेतला आणि रस्त्यालगतच्या फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलं: 'आज सायंकाळी निळी गाणी. सर्वांना निमंत्रण.' अक्षरं निळ्या खडूनं लिहिली. विषयाला शोभेल असं वाटलं.

संध्याकाळी मांडवात सर, ग्रामोफोन, कर्ण्यासमोर लावलेला लाऊडस्पीकरचा माईक, मी आणि आमच्या सौ. एवढेच होतो. माणसं तीन, गणपती धरला तर चार. मी मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सरांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. ते सारखे तबकड्या पुसत होते आणि फाटकाकडे पाहायचं टाळत होते.

"थांबू या थोडं," मी म्हणालो.

"हो. थांबू या की."

आणि मग फाटकातून माणसं यायला लागली.

आमच्या वसाहतीसमोर नाला आहे आणि नाल्यापलीकडे वस्ती. बहुतेक जण गिरणीत काम करणारे. त्यांनी फळा वाचला होता. निळी गाणी म्हटल्यावर त्यांना एकच गोष्ट कळली होती: जयंतीला त्यांच्या चौकात निळ्या झेंड्याखाली होतो तसला जलसा. गणपतीच्या मांडवात हे लोक आपली गाणी लावतात, म्हणजे काय चाललंय ते बघावं तरी, म्हणून बायकापोरांसकट आले होते. पुढे रोकडे मामा, वस्तीतल्या जलशाचे ढोलकीवाले. ढोलकी गळ्यातच होती.

मामांनी मांडव न्याहाळला. "पार्टी कुटं हाय?"

सर गोंधळले. "पार्टी?"

"गानारी पार्टी. फळ्यावर लिवलंय की, निळी गानी."

तेवढ्यात आबासाहेब घराबाहेर आले. सिनेमाला जायच्या तयारीत होते, पण गर्दी पाहून थबकले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "यांना कुणी बोलावलं?"

"मी."

"तुम्ही?"

"फळ्यावर सर्वांना निमंत्रण असं लिहिलंय. सर्वांना या शब्दाचा मराठीत दुसरा अर्थ नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, दुरुस्त करतो."

आबासाहेब सिनेमाला गेले.

सर माईकसमोर उभे राहिले आणि वर्गात बोलावं तसं बोलले. घोटाळा कसा झाला ते त्यांनी सरळ सांगितलं. ही जयंतीची गाणी नव्हेत, निराळ्या मुलखातली आहेत. त्या लोकांना गुलाम करून बोटीनं आणलं, कापसाच्या रानात राबवलं, देवळात, शाळेत, विहिरीवर वेगळं ठेवलं. त्यांची ही गाणी. "कुणाला जायचं असेल तर राग न्हाई," ते म्हणाले. पण त्यांचा हात ग्रामोफोनच्या चावीवर घट्ट आवळलेला होता.

रोकडे मामांनी आपल्या लोकांकडे पाहिलं. "कापसातली मानसं हायती. आमी गिरनीत हाय. ऐकू की. वाजवा मास्तर."

तबकडी लावण्याआधी सर नाव सांगायचे. नाव असेल तर नाव, वाळवीनं खाल्लेलं असेल तर, "गाणाऱ्याचं नाव ठाऊक न्हाई, मालक तोच," असं प्रत्येक वेळी. पहिली तबकडी वाजली. लोक मान वाकडी करून ऐकत होते. एक म्हातारी म्हणाली, "लई दुखतंय वाटतं ह्येचं." मामा ढोलकीवर बोट धरायला बघत होते आणि दर फेऱ्याला अडखळत होते.

"ह्यो मात्रा खातोय की वो!"

"खातो," मी म्हणालो. "मी मोजल्यात."

"आन् ह्येच्या मागं झील न्हाय? एकटाच म्हनतोय, एकटाच वढतोय. जलशात असं चालंल का?" मामा मागे वळले. "ए, धरा रे झील ह्येच्या मागं!"

त्या गाण्यात ओळ दोनदा येते. पहिल्या वेळी तो काळा माणूस म्हणाला. दुसऱ्या वेळी तो म्हणायच्या आत वस्तीतल्या चारपाच जणांनी शब्द न कळता तो सूर उचलला आणि शेवटी 'जी जी रं जी' जोडलं. तबकडीतला माणूस मेलेला, कुठल्या नदीकाठी मेला कोण जाणे, आणि सोलापुरात त्याच्यामागे झीलकरी उभे होते. सर चावी द्यायची विसरले. गाणं मंदावत मंदावत घोगरं झालं, तेव्हा सगळे ओरडले, "चावी! मास्तर, चावी!"

मग एकामागून एक तबकड्या झाल्या. कुणी मध्ये उठलं नाही. एक लहान पोर झोपलं, त्याची नोंद मी धरत नाही.

"आनखी एक," मामा म्हणाले.

पेटी संपली होती. सर घुटमळले. मग घरात गेले आणि जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली एक तबकडी घेऊन आले. ती मी कधी पाहिली नव्हती.

"ही एका बाईची आहे," ते माईकमध्ये म्हणाले. "आमच्या घरात आवडायची. दुपारी स्वयंपाकघरात काम करताना ह्या चालीवर त्या काहीतरी म्हणायच्या. मी जवळ गेलो की गप्प व्हायच्या. विचारलं की म्हणायच्या, काही न्हाई. शब्द कुठले होते, मला कधी कळलं न्हाई. आता..." त्यांनी सुई टेकवली.

जाड, संथ, थकलेला आवाज होता. पहिली ओळ संपते न संपते तोच माझ्या शेजारी आमच्या सौ.नी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या. मला इतका संताप आला! असल्या वेळी हसायचं?

"अहो, काय हे?" मी दटावलं.

"मला ठाऊक आहेत ना ते शब्द," त्या म्हणाल्या. "आपली नि त्यांची भिंत एक. रोज ऐकायची मी. मला ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं म्हणायच्या त्या."

हे माईकजवळच बोलणं झालं आणि सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. सरांनी वळून पाहिलं.

"म्हना की ताई," रोकडे मामा म्हणाले.

"नको. सरांना राग येईल."

"म्हणा, वहिनी," सर म्हणाले.

आमच्या सौ.नी घसा साफ केला. लग्नाला वीस वर्षं झाली, त्या चारचौघांत गातात हे मला माहीत नव्हतं. तबकडीतल्या बाईचा सूर धरून त्यांनी म्हटलं:

"नळ गेला गं बाई, नळ गेला,
नळ गेला गं बाई, नळ गेला,
सर बसले पेटीपाशी, हंडा कुणी भरला?"

मग बायकांच्या बाजूनं हशा फुटला, असा की मांडवाचं कापड हललं. मामांच्या ढोलकीवर थाप पडली. आता मात्रा बरोबर बसत होत्या. दुसऱ्या खेपेला 'नळ गेला गं बाई' झीलकऱ्यांनी उचललं आणि नाल्यापलीकडच्या बायकांनी तर असं म्हटलं, की हे गाणं त्यांना जन्मापासून पाठ असावं. नळाचं दुःख सोलापुरात समजावून द्यावं लागत नाही.

सर हसले नाहीत. त्यांनी सुई उचलली. मला वाटलं, आता रागावणार. जगभरातल्या गाण्यांकडे कान लावून बसलेल्या माणसाला त्याच्या स्वयंपाकघरातलं गाणं भरसभेत ऐकवलं होतं, आणि त्यात आरोपी तोच होता.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. रोज नवीन असायचं. पीठ संपलं की पिठाचं, रॉकेल संपलं की रॉकेलचं. शेवट तेवढा ठरलेला. सर बसले पेटीपाशी."

सर माईकपाशी गेले. संध्याकाळभर त्यांनी प्रत्येक तबकडीला केलं होतं, तसंच त्यांना करायचं होतं, हे माझ्या लक्षात आलं. पण ते अडले. त्या काळी नवरा बायकोचं नाव असं चारचौघांत घेत नसे. या लेखात मीही घेतलेलं नाही. सरांनी तर आयुष्यात कधी घेतलं नसावं. इतकी वर्षं शेजारी राहून मला ते माहीत नव्हतं.

त्यांनी माईकचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"गाणं, नळ गेला," ते म्हणाले. "शब्द आणि आवाज... गौरव्वा. गौरव्वा करजगी. राहणार सोलापूर."

मग त्यांनी एक खुर्ची ओढली, आमच्या सौ.च्या समोर मांडली आणि वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलानं बसावं तसे हात मांडीवर ठेवून बसले.

"आता ते पिठाचं म्हणा," ते म्हणाले.